शेवटचं कोण?

वाहत्या पाण्याचा नमुना काठावर घेत नाहीत. हात लांब करायचा, बाटलीचं तोंड प्रवाहासमोर धरायचं आणि मधलं पाणी घ्यायचं. काठाचं पाणी खोटं बोलतं, असं मला हे काम शिकवणारा माणूस म्हणायचा.

*

फेब्रुवारीत आम्हाला आतल्या खोलीत बोलावणाऱ्या डॉक्टरणीच्या टोपीवर हिरवे बेडूक छापलेले होते. “थांबलं होतं,” ती म्हणाली, “आता चालू आहे.” माझ्या भावाला, फेर्मीनला, वाटलं ती लिफ्टबद्दल बोलतेय.

*

शिजवलेलं तित्तिर दुसऱ्या दिवशी गार खावं.

*

जूनमध्ये टोलेडोच्या गल्ल्यांवर पांढरी कापडं ताणतात, या गच्चीपासून समोरच्या गच्चीपर्यंत. खालून चालणाऱ्या माणसाची सावली पडत नाही.

*

केस कापायचं दुकान कायमचं बंद करायच्या दिवशी बाबा स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोडा वेळ आरशात बघत राहिले आणि म्हणाले, “इथून दार दिसत नाही. लोक कसे बसत होते इथे?”

*

आमच्याकडे एकामागे एक उभं राहत नाहीत. न्हाव्याकडे, दवाखान्यात, मासळीवाल्याकडे, कुठेही आत शिरलं की नमस्कार करायचा आणि विचारायचं, “शेवटचं कोण?” कोणीतरी म्हणतं, “मी.” मग आपण म्हणायचं, “तुमच्यामागे मी.” झालं. आता कुठेही बसा, भिंतीला टेका, गप्पा मारा, बाहेर जाऊन सिगरेट ओढा. आपल्या पुढे कोण हे आपल्याला माहीत असतं, आपल्यामागे कोण येईल ते तो माणूस लक्षात ठेवतो. अट एकच. कंटाळून निघून जायचं असेल, तर मागच्याला सांगून जायचं, की मी चाललो, आता तुम्ही अमक्याच्या मागे. न सांगता गेलात तर मागचा लटकतो. बाबांच्या दुकानात हा कायदा होता. न सांगता उठून गेलेल्या माणसाची दाढी ते पुढच्या वेळी करायचे, पण त्याच्याशी बोलायचे नाहीत.

*

त्या शुक्रवारी आम्ही चौघं टोलेडोला गेलो. बाबा, म्हणजे अन्सेल्मो. आई, कासिल्दा. माझा धाकटा भाऊ फेर्मीन आणि मी, एल्विरा. माद्रिदहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे आणि याच कारणाने आम्ही तिथे कधी जात नाही. लहानपणी शाळेची सहल, नंतर कुणाचं तरी लग्न, एवढंच. टोलेडो आईने निवडलं. बाबांना दवाखान्यातून घरी आणल्यापासून ती म्हणत होती, की एक दिवस आपण काही न करता घालवू या. आभार मानायला म्हणून. कुणाचे, ते तिने सांगितलं नाही. आई चर्चमध्ये फक्त गारव्यासाठी जायची.

बाबा मात्र फेब्रुवारीपासून सगळ्यांचेच आभार मानत होते. फार्मसीतल्या मुलीचे, बस थांबवणाऱ्या ड्रायव्हरचे, सकाळी उजाडल्याबद्दल खिडकीचे. हृदयाची झडप जुनी झाली आहे, डॉक्टरीण म्हणाली होती. कापाकापी या वयात नको. सांभाळून वागलात तर चालेल, किती दिवस ते मी सांगू शकत नाही. बाबांनी तिचेही आभार मानले.

नदीकडून शहरात चढायला सरकते जिने आहेत. वर पोचल्यावर बाबा वळले आणि जिन्याकडे बघून म्हणाले, “आभारी आहे.”

“बाबा, तो नगरपालिकेचा आहे,” फेर्मीन म्हणाला. “त्याला सवय लागेल, मग बाकीच्यांकडूनही अपेक्षा करेल.”

“तू गप्प बस. तू तर मी कोमातून उठलो तेव्हा सँडविच खात होतास.”

“भूक लागली होती. तुम्ही उठायला वेळ लावलात.”

आई हसली. तिने बाबांच्या हातात हात अडकवला आणि आम्ही चालायला लागलो. आदल्या दिवशी कॉर्पसच्या सणाची मिरवणूक झाली होती. रस्त्यांवर पसरलेली थाइमची झुडपं झाडून नेली होती, पण दगडांच्या फटींत काड्या राहिल्या होत्या आणि बुटाखाली आल्या की वास सुटायचा. बाल्कन्यांवरून अजून जुने गालिचे लटकत होते. एक माणूस शिडीवर चढून एक गालिचा उतरवत होता आणि खालची बायको त्याला सांगत होती, की तुझ्या आईने हा असाच उतरवला असता तर आज आपल्याकडे गालिचा नसता.

आम्ही चौकात कॉफी घेतली. कॅथेड्रल बाहेरून बघितलं, कारण आत जायला गर्दी होती आणि बाबांना बाहेरचा बाक आवडला. तलवारींच्या दुकानासमोर उभं राहून बाबांनी एका वस्तऱ्याची धार लांबूनच नापास केली. पुलावर गेलो. ताहो नदी खाली खूप खोल आहे, हिरवट, कडेला पांढरा फेस. मी फेसाकडे बघत राहिले. फेर्मीन म्हणाला, “आज सुट्टी आहे तुझी. नदीला राहू दे.”

जेवताना बाबांना मिठाशिवायचं मिळालं आणि आम्हाला तित्तिर. जेवण संपल्यावरही आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो, ताटं उचलून नेली तरी, दुसरी कॉफी आली तरी. आई टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती. ती मध्येच म्हणाली, “मला काही कमी पडलं नाही.” कुणी काही विचारलं नव्हतं. बाबा तिच्या ग्लासातलं थोडं पाणी प्यायले.

असा तो दिवस होता. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. हे मी पुढे जे लिहिते आहे त्याच्या आधी लिहून ठेवते.

*

दुपारी टोलेडो बंद होतं. दुकानांची शटर खाली, गल्ल्यांत फक्त परदेशी माणसं, तीही भिंतीला धरून. आम्ही गाडीकडे जायला हवं होतं. आई म्हणाली, मार्झिपान घेऊ या. बदामाची ती मिठाई इथे प्रत्येक कोपऱ्यावर मिळते. पण आईला नन्सनी केलेली हवी होती.

“मठ आत्ता बंद असतात,” मी म्हणाले.

“एक असतो उघडा. मला वाट माहीत आहे.”

ती पुढे झाली. गल्ली इतकी अरुंद झाली की बाबा आणि ती एकामागे एक चालायला लागले. वरचं कापड इथे जास्त खाली आल्यासारखं वाटत होतं. उजेड दुधासारखा होता. मी पायांकडे बघितलं. दगडांत थाइमच्या काड्या होत्या. माझ्या बुटाखाली एक आली, चुरली, आणि तिला वास आला नाही.

दार अर्धवट उघडं होतं. आत फरसबंदी अंगण, तिन्ही बाजूंनी भिंतीला लागून दगडी बाक, मध्ये कुंडीत लिंबाचं झाड. समोरच्या भिंतीत मठांना असतं तसं लाकडी फिरतं कपाट. या बाजूने ऑर्डर सांगायची, कपाट फिरतं, डबा आपल्याकडे येतो. आतली बाई दिसत नाही. कपाटाच्या शेजारी एक बुटकं दार होतं. बाकांवर माणसं बसली होती.

“नमस्कार,” बाबा म्हणाले. “शेवटचं कोण?”

कोपऱ्यातल्या एका बाईने मिटलेला पंखा वर केला. “मी.”

“तुमच्यामागे मी.” आणि बाबा तिच्या शेजारी बसले. पाय दुखत होते त्यांचे. बसल्यावर त्यांनी मान मागे टेकवली आणि समाधानाने श्वास सोडला.

अंगणात गार होतं. दगडी घरं दुपारी गार असतात, त्यात विशेष काही नाही. पण हा गारवा खालून, फरशीतून येत होता. साखरेचा वास नव्हता, बदाम भाजल्याचाही नव्हता. फरशी पुसायच्या औषधाचा होता. मी पाणी तपासणारी, नाकाने काम करणारी बाई आहे. तो वास मला ओळखता येतो.

एक माणूस लोकरीचा ओव्हरकोट घालून बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात टोपी. एक दांडगा माणूस, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. बहुतेक बेकरीतला. एक मुलगी पोहण्याच्या कपड्यात, खांद्यावर टॉवेल. तिचे केस ओले होते आणि टोकांवरून पाणी गळत होतं. मी ते थेंब बघत होते. थेंब पडत होते आणि खालचा दगड कोरडा होता.

कुणाकडे पिशवी नव्हती. कुणी फोन बघत नव्हतं.

आतून लाकूड फिरल्याचा आवाज आला, जड, तेल न घातलेला. मग बायकी आवाजात, अगदी दुकानात म्हणतात तसं, “पुढचे.”

ओव्हरकोटवाला उठला. टोपी घातली, आम्हा सगळ्यांना मान लवून म्हणाला, “चला, येतो मी.” बसलेल्यांनी उत्तर दिलं. तो वाकून बुटक्या दारातून आत गेला. दार लागलं.

डबा घेऊन तो बाहेर येईल म्हणून मी थांबले.

*

न्हाव्याला शेजारच्याशी न बोलता बसवत नाही. बाबांनी पंखेवाल्या बाईला विचारलं, “आज गर्दी दिसत नाही.”

“आज काहीच नाही. फेब्रुवारीत बघायला हवी होती.”

“सणासुदीला असेल आणखी.”

“सणाचं काही नाही. थंडीत जास्त असते.” तिने पंखा उघडला, मिटला. साठीची असावी. पायात घरातल्या सपाता होत्या. “तुम्ही होतात की तेव्हा.”

“मी? टोलेडोला?”

“माझ्यापुढे होतात. त्या तिथे बसला होतात. मी विचारलं, शेवटचं कोण, तुम्ही म्हणालात, मी. मग उठलात आणि निघून गेलात. मला काही सांगितलं नाहीत.”

बाबा हसले नाहीत. “मी दुकान चालवलंय, बाई. मी असं करणार नाही.”

“केलंत खरं. आता मी कुणाच्या मागे, हे कुणाला विचारणार? तुमच्यापुढचा माणूस आत गेलेला. तेव्हापासून जो येतो त्याला मी म्हणते, व्हा तुम्ही पुढे. दुसरं काय करणार?”

“तेव्हापासून इथेच बसला आहात?” फेर्मीन दारातून म्हणाला. त्याने सिगरेट तोंडात धरली होती, पेटवलेली नव्हती. “मार्झिपान एवढं चांगलं असतं?”

तिने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

बाबांच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. कुणाच्या कानाला कात्री लागली तर ते असे व्हायचे. ते समोरच्या बाकाकडे बघत होते, ती म्हणाली त्या जागेकडे.

“माझे पाय गार पडले होते,” ते हळू म्हणाले. “बाक होता. हो. कुणीतरी मला नावाने हाक मारली आणि मी उठलो.” मग तिच्याकडे वळून, “चुकलं माझं. माफ करा. आता तुम्ही माझ्यापुढे. मी तुमच्यामागे आहे आणि या वेळी उठणार नाही.”

“आभारी आहे,” ती म्हणाली. मनापासून म्हणाली. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. “खरंच आभारी आहे हो.”

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. “बाबा, चला.”

“मी नंबर घेतलाय.”

“मिठाई चौकातल्या दुकानातून घेऊ.”

“एल्विरा, माझ्यामागे कोणी आलं आणि शेवटचं कोण विचारलं, तर कोण उत्तर देईल? एकदा झालं ते झालं. माणूस दोनदा असा वागत नाही.”

“कोणी येणार नाही या उन्हात.”

“मग कोणी येईपर्यंत बसतो. आलं की सांगून उठतो. नाहीतर माझा नंबर येईलच.”

मी त्यांचं मनगट धरलं. उठवायला धरलं होतं. फेब्रुवारीपासून त्यांचा हात हातात आला की अंगठा आपोआप नाडीवर जातो माझा. मी अंगठा हलवला. पुन्हा हलवला. मनगट गार नव्हतं. ते माझ्याशी बोलत होते, डोळे मिचकावत होते.

नाडी नव्हती.

*

कारणं मी नंतर सगळी मांडून बघितली. जेवणात वाइन होती. ऊन. रात्री झोप कमी. झडप जुनी असेल तर मनगटात नाडी कधी कधी लागत नाही, हे मी वाचलेलं आहे.

*

एक जोडपं आत आलं. परदेशी, गुलाबी झालेले खांदे. कुणाला नमस्कार नाही, काही विचारलं नाही. त्यांना ती रीत माहीतच नसते. बाईने तिची जड पिशवी बाकावर टेकवली, पीठवाल्या माणसाच्या मांडीवर. त्याने पिशवीकडे बघितलं आणि ती उचलेपर्यंत शांत बसून राहिला. पुरुषाने कपाट फिरवून बघितलं. ते आवाज न करता फिरलं, रिकामं. त्याने लिंबाच्या झाडाचा फोटो काढला. गेले.

“बंद आहे म्हणाले ते आपसात,” फेर्मीन म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “आपण जाऊ या का?”

लाकूड फिरलं. “पुढचे.”

ओल्या केसांची मुलगी उठली. टॉवेल नीट घडी करून तिने खांद्यावर घेतला. “येते,” ती म्हणाली.

“ये, बाळ,” बाबा म्हणाले.

लाकूड फिरलं.

पीठवाला गेला.

आता बाकावर पंखेवाली बाई होती आणि तिच्यामागे बाबा.

मी आईकडे बघितलं. इतका वेळ ती बाबांच्या मागे उभी होती, हात त्यांच्या खांद्यावर. तिने हात काढला. पर्समधून कंगवा काढून केस नीट केले. मग अंगण ओलांडून सरळ दारातून बाहेर गेली.

“आई,” फेर्मीन म्हणाला.

तिला हे बघवत नाही, असं मला वाटलं. मी बाबांना दोन्ही हातांनी ओढायला लागले. ते जड नव्हते. हलत नव्हते एवढंच.

दारात पावलं वाजली.

“नमस्कार सगळ्यांना,” आई म्हणाली. अनोळखी ठिकाणी शिरताना माणूस म्हणतो तसं. “शेवटचं कोण?”

“मी,” बाबा म्हणाले.

चाळीस वर्षं दुकानात ऐकलेला प्रश्न. उत्तर तोंडातून गेल्यावर त्यांनी मान वर केली.

“तुमच्यामागे मी,” आई म्हणाली. लग्नाच्या आधीही ती त्यांना तू म्हणत असे.

“कासिल्दा.”

“तुम्हाला जायचं असेल तर जा. पण सांगून जा. मी कुणाच्या मागे?”

“कासिल्दा, तू ऐक.”

“लोक थांबलेत, साहेब. मी कुणाच्या मागे?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ते खोटं बोलू शकले असते, गप्प बसू शकले असते. पण तिने रीतीने विचारलं होतं.

“या बाईंच्या मागे,” ते म्हणाले.

माझ्या अंगठ्याखाली काहीतरी आपटलं. एकदा. मग पुन्हा.

ते उठले. आई त्यांच्या जागेवर बसली.

लाकूड फिरलं. “पुढचे.”

पंखेवाली बाई उठली. सपाता सारख्या केल्या. ती दोन पावलं गेल्यावर आईने तिला थांबवलं, अगदी भाजीवाल्याकडे थांबवते तशी.

“बाई, माझा नंबर जरा धरून ठेवाल का? आत सांगा, मागची येतेच आहे म्हणून. या तिघांना घरी पोचवायचं आहे.”

“किती वेळ?”

“उन्हाळा तरी संपू द्या.”

बाईने विचार केला. बाबांकडे बघितलं, मग आईकडे. “मी सांगते आत. तुमच्या माणसाने माझा गुंता सोडवला, तेवढं करीन. पण जागेवर काहीतरी ठेवून जा. नुसत्या बोलण्यावर नाही राहत.”

आईने गळ्यातला रुमाल काढला, बाकावर पसरला, वरून हात फिरवून सुरकुती काढली. “आभारी आहे,” ती म्हणाली.

“मी पण,” बाई म्हणाली आणि वाकून आत गेली.

*

बाहेर ऊन होतं. चार पावलांवर माझ्या बुटाखाली थाइमची काडी आली आणि वास इतका जोरात आला की मला खोकला आला. आईने चौकातल्या दुकानातून मार्झिपान घेतलं. नदीपलीकडे जाऊन, जिथून सगळं शहर दिसतं तिथे गाडी थांबवून आम्ही ते खाल्लं. फेर्मीनने शेवटचा तुकडा पळवला आणि आईने त्याच्या हातावर चापट मारली. तो चाळिशीतला माणूस आहे. बाबा आईच्या बाजूला बसून होते. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचेच आभार मानले नाहीत.

फेर्मीनला विचारलं तर तो सांगतो, की एक मठ होता, बंद होता, आई थोडा वेळ बाकावर बसली, रुमाल विसरली. पंखेवाल्या बाईबद्दल, मुलीबद्दल विचारलं की तो म्हणतो, “ऊन फार होतं, एल्विरा.” आणि सिगरेट शोधायला लागतो.

तो उन्हाळा आमच्या घरातला सगळ्यात चांगला उन्हाळा होता. आई आजारी नव्हती. तिने स्वयंपाकघराला रंग दिला. बाबांना रोज संध्याकाळी बागेत घेऊन गेली, तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळायला बसवलं, दूर बसून त्यांना हरताना बघत राहिली. दर रविवारी आम्ही सगळे जेवायला असायचो आणि ताटं उचलल्यावरही कुणी उठत नसे. एकदा मी तिला नुसतं म्हणाले, “आई.” ती म्हणाली, “हे कलिंगड कापून दे, माझ्या हातात जोर राहत नाही,” आणि तिच्या हातात भरपूर जोर होता. मला ते दिवस मिळाले. दुसऱ्या कुणाला मिळाले असते तर त्याने काय केलं असतं मला माहीत नाही, मी कलिंगड कापलं.

सप्टेंबर संपता संपता, दुपारी, ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याआधी तिच्या हृदयाबद्दल कुणी कधी काही म्हणालं नव्हतं. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः तिचे केस धुतले, विंचरले, मानेवरचे सारखे केले. मग कात्री पुसून ठेवली आणि म्हणाले, “आभारी आहे.”

बेडकांच्या टोपीवाली डॉक्टरीण बाबांना दर काही महिन्यांनी तपासते. झडप तशीच आहे, ती म्हणते. पण ठोका इतका नियमित आहे की विद्यार्थ्यांना ऐकायला बोलावते.

ऑक्टोबरमध्ये मी एकटी टोलेडोला गेले. गल्ली सापडली. अंगण आहे, लिंबाचं झाड आहे, कपाट आहे, कपाटाशेजारी बुटकं दार आहे आणि त्याच्यावर झाडू टांगलेला आहे. बदाम भाजल्याचा वास होता. बाकावर चार-पाच माणसं बसली होती, पिशव्या घेऊन. एक म्हातारी मी आत शिरल्याबरोबर माझ्याकडे बघायला लागली, प्रश्नाची वाट बघत, बोट अर्धं वर करून. मी नमस्कार केला नाही. काही विचारलं नाही. परदेशी बाईसारखी भिंतीजवळ उभी राहिले, लिंबाच्या झाडाचा फोटो काढला आणि बाहेर आले. म्हातारी मागून काहीतरी म्हणाली. तिचा आवाज आईच्या आवाजासारखा नव्हता, हे मी नीट ऐकलं.

बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. तिसऱ्या मजल्यावरची ब्रिहिदा त्यांना जेवण आणून देते.

त्या जूनमधल्या शुक्रवारी सकाळी, आम्ही खाली गाडी काढत असताना, आई तिसऱ्या मजल्यावर गेली होती. तिने ब्रिहिदाला आमच्या घराची दुसरी किल्ली दिली आणि सांगितलं, की अन्सेल्मोला मसूर दाटसर लागतात, तमालपत्र न घालता, आणि आदल्या दिवशीचे.